बापटकाकांचं पाचवं चिन्ह

चांदीच्या नाण्यावर काळा थर चढायला शतकं लागतात. आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या रविवारच्या बैठकीवर किश्शांचा थर दर आठवड्याला चढतो! मी सगळं वहीत टिपून ठेवतो, म्हणून त्यातले काही सांगता येतात.

बैठक भरते शहरातल्या कोटरा सुल्तानाबादला, बापटकाकांकडे. काका रिटायर्ड इंजिनिअर. सोबत मी आणि अशोका गार्डन वस्तीत घड्याळं दुरुस्त करणारे खानभाई. काकू बैठकीत नसतात, पण स्वयंपाकघरातून सगळं ऐकतात.

*

काकांचा जीव एका नाण्यात अडकलाय. ठसे ठोकून केलेलं, दोन हजार वर्षांहून जुनं. अशा नाण्यावर पाच चिन्हं असतात. काकांना चार दिसतात, पाचवं काळ्या थराखाली. ते कळल्याशिवाय नाणं नक्की कोणतं ते ठरत नाही. आणि थर काढायची काकांची हिंमत नाही. आठ वर्षं झाली!

मी म्हणायचो बैल, खानभाई म्हणायचे हत्ती. एकदा काकूंनी चहा ठेवता ठेवता, चष्मासुद्धा न लावता सांगितलं, "मोर असेल."

आम्ही तिघंही समजूतदारपणे हसलो.

*

काका घाबरतात त्याला कारण आहे. एकदा एक नवीन सभासद आपलं नाणं टूथपेस्टने घासून घेऊन आले. आरशासारखं चकचकीत! काकांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. एकही चिन्ह शिल्लक नव्हतं.

"छान," काका म्हणाले. "आता याला दोन भोकं पाडा आणि शर्टाला लावा."

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

*

मीही काही कमी नाही. करोंद मंडीच्या बाहेर एका माणसाकडून मी एक 'प्राचीन' नाणं घेतलं. वहीत वजन, व्यास, सगळं लिहिलं. खानभाईंनी शांतपणे खिशातून लोहचुंबक काढलं. नाणं टुणकन उडी मारून त्याला चिकटलं!

"क्यों खाँ, चीज़ अच्छी है," खानभाई म्हणाले. इथे दोस्ताला 'खाँ'च म्हणतात. "फ्रिज पे लगाओ."

अजून फ्रिजवरच आहे. वाण्याची यादी त्याखाली राहते.

*

काकांच्या नजरेबद्दल मात्र शंका नको! एकदा टेबलावरची एक चपटी गोल वस्तू त्यांनी दहा मिनिटं भिंगाखाली तपासली आणि मला लिहून घ्यायला सांगितलं, "अत्यंत दुर्मीळ. चिन्ह एकच. अधिकचं."

खानभाई म्हणाले, "काका, वो मेरी घड़ी का सेल है."

*

आता यंदाच्या दिवाळीचं. लक्ष्मीपूजनाआधी काकू घरातली सगळी चांदी चिंच लावून घासतात. म्हणजे काकांना दरवर्षी ते नाणं लपवावं लागतं. यंदा त्यांनी फार विचार करून जागा निवडली. काकू नागपूरच्या, आंबटाला त्यांना चिंचच लागते. काकांच्या बहिणीने रत्नागिरीहून पाठवलेली आमसुलाची बरणी वर्षभर कोणी उघडली नव्हती. नाणं तिच्या तळाशी गेलं!

"चिंचेपासून वाचवलं," काका माझ्या कानात म्हणाले. आमसूलही आंबटच असतं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी काकूंनी आम्हाला जेवायला थांबवलं. फराळाने सगळ्यांची पोटं बिघडलेली, म्हणून त्यांनी आमसुलाचं सार केलं होतं. बरणी पार तळापर्यंत रिकामी करून!

खानभाईंनी वाटी तोंडाला लावली आणि थांबले. "भाभी, इसमें तो गुठली रह गई."

काकांचा चेहरा पांढरा पडला. खानभाईंनी ती 'बी' तळहातावर काढली. स्वच्छ, रुपेरी, काळ्या थराचा मागमूस नाही.

काका भिंग आणायला धावले. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"पाच," ते हळूच म्हणाले. "पाचही आहेत."

"आणि पाचवं?" मी विचारलं.

"टेकडी... आणि टेकडीवर मोर."

काकू पोळ्या वाढत होत्या. "सार गार होतंय," एवढंच म्हणाल्या.

काका उठले, आत गेले आणि ओळख न पटलेल्या नाण्यांचा अख्खा डबा आणून काकूंच्या ताटाशेजारी ठेवला.

"चष्मा नको लावूस," ते म्हणाले.