मुलींना भूमिती नाही

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवायला लागले तेव्हा लढाई चालू होती. रॉकेल रेशनवर मिळत होतं आणि कागदाची इतकी टंचाई होती की मुली गणितं पाटीवर सोडवून फक्त उत्तर वहीत उतरवत. पुण्याहून गणित घेऊन बी.ए. झालेली बाई शाळेला मिळाली म्हणून चिटणीसांनी पहिल्या दिवशी माझं तोंडभरून कौतुक केलं. चिटणीस म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस. पेशाने वकील, डोक्याला पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. शाळेला मुख्याध्यापिकाबाई होत्या, पण त्यांना घंटेचा दोर बदलायचा झाला तरी चिटणीसांना विचारावं लागे.

कौतुक झालं आणि मग वेळापत्रक हातात आलं. खालच्या वर्गांना गणित माझ्याकडे. वरच्या दोन वर्गांना, म्हणजे मॅट्रिकची तयारी करणाऱ्या मुलींना, बीजगणित नाही आणि भूमिती नाही. त्याऐवजी सोपं अंकगणित आणि गृहशास्त्र. मॅट्रिकला मुलींना तशी सवलत होती. सवलत! हा शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही. सवलत घेतलेल्या मुलीला कॉलेजात सायन्सचं दार बंद व्हायचं, आणि दार बंद झालंय हे तिला कळायचं ते मॅट्रिक झाल्यावर.

हे मला एका मुलीने दाखवून दिलं. ती जावळीकडची, मेढ्याच्याही वरच्या अंगाच्या एका गावातली. वडील पलटणीत, इजिप्तकडे कुठेतरी. आई गावी शेत बघायची आणि मुलगी शिकायला म्हणून साताऱ्यात मामाकडे राहायची. एके दिवशी माझा इंग्रजीचा तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मामाच्या पोराला भूमिती हाय. आमाला का न्हाई वं?"

मागच्या बाकावर दोघीतिघी हसल्या. प्रश्नाला नाही, तिच्या 'हाय'ला हसल्या. "विचारून सांगते," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी चिटणीसांच्या घरी गेले.

"अहो बाई," ते म्हणाले, "मुलींना भूमिती शिकून करायचंय काय? पोळी गोल लाटायला कंपास लागत नाही."

त्यांच्या समोर बसलेले दोघे पक्षकार मोठ्याने हसले. वकिलांच्या विनोदाला हसणं त्यांना भागच होतं. मी हसले नाही, तेव्हा चिटणीस गंभीर झाले. "शिवाय एखादी नापास झाली की शाळेचा निकाल खाली येतो. जाब आम्हाला द्यावा लागतो, तुम्हाला नाही."

म्हणजे निकाल चांगला दिसावा म्हणून मुलींना अवघड काही शिकवायचंच नाही. शाळा चालवण्याची ही रीत मी त्याआधी ऐकली नव्हती. घरी येईपर्यंत माझे कान तापले होते.

मी जावळीच्या मुलीला सांगितलं, "उद्यापासून सकाळी माझ्या खोलीवर ये. कोणाला यायचं असेल तर तिलाही आण." तिने एका किराणा दुकानदाराच्या मुलीला आणलं. दोघीही मॅट्रिकला दोन वर्षं राहिलेल्या वर्गात होत्या. खरं सांगायचं तर दोघींत जास्त तल्लख दुकानदाराची मुलगी. जावळीची चिवट.

पहिल्या सकाळी जावळीच्या मुलीने मला थक्क करायचं ठरवलं होतं. मामेभावाच्या पुस्तकातला एक सिद्धांत तिने आरतीसारखा घडाघडा म्हणून दाखवला. मी खोलीपुढच्या ओसरीच्या फरशीवर तोच त्रिकोण उलटा काढला, कोपऱ्यांना दुसरी अक्षरं दिली आणि म्हटलं, "आता सांग."

ती त्रिकोणाकडे बघत राहिली. "बाई, ह्यो त्रिकोण पुस्तकात न्हाई."

"परीक्षेतही पुस्तकातला येणार नाही."

तिचा चेहरा पडला. पण रडली नाही. खाली बसली, मान वाकडी करकरून बघितलं आणि म्हणाली, "आसं व्हय. त्योच हाय, पालथा पडलाय."

त्या दिवसापासून पाठांतर बंद. पुस्तक मिटून ठेवायचं. एकीने फरशीवर आकृती काढून समजावून सांगायचं आणि दुसरीने प्रत्येक पायरीला 'का?' विचारायचं. उत्तर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. दुकानदाराची मुलगी तो 'का' असा काही खोचून विचारायची की जावळीची चिडून खडू आपटायची. मग दोघी हसायच्या आणि पुन्हा सुरू. काल जिथे चुकलं तिथूनच आज सुरुवात करायची, हा दुसरा नियम. सोपं आधी करून खूश व्हायचं नाही. इंग्रजीसाठी मी एक उतारा वाचायचे आणि त्यांनी पुस्तक न बघता आपल्या शब्दांत लिहायचा. पहिले काही महिने ते इंग्रजी वाचताना माझंच डोकं दुखायचं. पण वाक्य त्यांचं असायचं, बाजारातल्या नोट्समधलं नसायचं. बाकी साताऱ्यातली मुलं त्याच नोट्स पाठ करत होती आणि मुलांच्या शाळेतले मास्तर त्यालाच अभ्यास म्हणत होते.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि दुकानदाराच्या मुलीचं लग्न ठरलं. परीक्षा वसंतात, लग्न माघात. मी दुकानात गेले. तिचे वडील तराजूत गूळ घालत होते.

"परीक्षा होऊ द्या, मग करा," मी म्हटलं. "वैशाखातही मुहूर्त असतात."

"बाई, तुमचं पटतं हो. पण मॅट्रिक पास मुलीला मॅट्रिकच्या वरचा मुलगा बघावा लागतो. आमच्यात तो आणायचा कुठून? आता आहे त्याला पाचवीपर्यंतचीच हवी होती, ही जास्तच शिकलीय म्हणून ते कुरकुरतायत."

मुलगी जास्त शिकली म्हणून कुरकुर! मी काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण दुकानातलं गिऱ्हाईक पुडी न घेताच निघून गेलं एवढं आठवतं. उपयोग शून्य. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुलगी ओसरीवर आली, आपली कंपासपेटी जावळीच्या मुलीच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेली. त्या सकाळी शिकणं-शिकवणं काहीच झालं नाही.

परीक्षेला कोण कोणते विषय घेणार हे शाळेने कळवायचं असे, त्यामुळे चिटणीसांना सांगणं आलंच. ते संतापले. 'माझ्या मागे हे चाललंय, शिस्त म्हणून काही आहे की नाही?' वगैरे. मी एवढंच म्हटलं, "मुलींनी भूमिती घेऊ नये असा नियम दाखवा. मी आजपासून बंद करते."

असा नियम नव्हता, आणि वकील असल्यामुळे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "ठीक आहे. एकच मुलगी आहे. पण नापास झाली तर तुम्ही दुसरीकडे नोकरी बघायची."

ती पास झाली. नुसती पास नाही, बीजगणित-भूमितीत शाळेच्या इतिहासात कोणाला नव्हते इतके गुण मिळाले, कारण शाळेला त्या विषयात इतिहासच नव्हता. शाळेत सत्काराची सभा झाली. चिटणीस भाषणात म्हणाले, "मुलींनाही भूमितीचं शिक्षण मिळावं ही आमच्या मंडळाची पहिल्यापासूनची तळमळ होती." मी मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्या शिवणाच्या बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला म्हणून मी उठले नाही. सभा संपल्यावर मी त्यांना विचारलं, "मग यंदा वेळापत्रकात भूमिती घालायची ना?"

"एका मुलीसाठी का वर्ग उघडायचा असतो, बाई?"

त्याच आठवड्यात मी तिला घेऊन सांगलीला गेले. कॉलेज तिथे होतं. माझी मावसबहीणही तिथेच राहायची, आणि मुलीला ठेवून घ्यायला तिने आनंदाने होकार दिला होता. पेट्रोल नव्हतं, सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. प्रत्येक चढाला क्लीनर उतरून मागची शेगडी ढवळायचा. ते वर्ष जिल्ह्यात धरपकडीचं होतं, त्यामुळे कराडच्या अलीकडे पोलिसांनी मोटार थांबवून सगळ्यांची बोचकी उघडली. एकाने कंपासपेटीतला टोकदार कंपास वर धरला. "हे काय?"

"वर्तुळ काढायचं हाय त्ये," मुलगी म्हणाली.

"तू काढतीस?"

"मग काय तुमी काढताय?"

मोटार हसली. पोलिसानेही हसून पेटी परत दिली. त्या सबंध खटपटीत ज्यांच्या हातात काही अधिकार होता अशा माणसांपैकी सरळ वागलेला तेवढा एक.

कॉलेजात प्रवेश देणारे प्राध्यापक कोट-टाय घातलेले, बोलायला मऊ. गुण बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "चांगलेत. आर्ट्सला घालू या. संस्कृत घ्या, मुलींना छान जमतं."

"सायन्सला घालायचंय," मी म्हटलं.

त्यांनी मुलीकडे वळून विचारलं, "सायन्स कशाला गं?"

"मला गणित आवडतंय म्हनून," ती म्हणाली.

पलीकडच्या टेबलावरचे दोघे कारकून गालात हसले. पुन्हा तेच. गणित आवडतं हे कोणी ऐकलंच नाही, 'म्हनून' तेवढं ऐकू गेलं.

प्राध्यापकांनी समजुतीचा सूर लावला. प्रयोगशाळेत जागा कमी. मागे एक मुलगी घेतली होती, तिचं अर्ध्यातच लग्न झालं, जागा फुकट गेली. मी विचारलं, "मुलं अर्ध्यात सोडून जात नाहीत?" जातात, म्हणाले. "मग पुढच्या वर्षी मुलांना घेणं बंद करता का?" त्यावर त्यांचा मऊपणा संपला. "पालक कुठे आहेत हिचे?"

"वडील लढाईवर आहेत. मी आणलंय तिला. मी तिची शिक्षिका. सही मी करते."

"तसं चालत नाही. घरातला कर्ता पुरुष आणा."

मी बी.ए. झालेली, नोकरी करणारी, त्या मुलीला दोन वर्षं शिकवलेली. माझी सही चालत नाही! परतीच्या वाटेवर मी धुसफुसत होते. मुलगीच मला समजावत होती, "बाई, मामा येतील. तुमी नगा आसं करू."

मामा आले. शहराबाहेर खालच्या अंगाला त्यांचा ऊस होता, आणि पावसाच्या तोंडावर शेतात शंभर कामं खोळंबलेली. तरी धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आमच्याबरोबर मोटारीत बसले. कॉलेजात त्यांनी प्राध्यापकांना वाकून रामराम केला. प्राध्यापकांनी त्यांना लगेच खुर्ची दिली. मला आदल्या खेपेला दिली नव्हती.

"भाचीला सायन्सला घालायची तुमची संमती आहे?"

"बाई म्हंत्यात तर हाय की."

"मग इथे सही करा."

"आवं सायेब, मला सही येत न्हाई. आंगठा हुईल."

"चालेल," प्राध्यापक म्हणाले आणि शाईचा पॅड मागवला.

मामांनी अंगठा पुढे केला, पण टेकवला नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. "सायेब, म्या कवा शाळंची पायरी चढलो न्हाई. सायन्स मंजी काय त्ये बी मला ठावं न्हाई. पोरीला शिकीवलं ह्या बाईनी. आन तुमास्नी आंगठा माझा पायजे? ह्यांची सही न्हाई चालत?"

"नियम आहे."

"लय येगळा नेम हाय," मामा म्हणाले. मग फार सावकाश, शाई भरपूर लावून, त्यांनी अंगठा उमटवला. बाहेर आल्यावर बोट धोतराला पुसून मला म्हणाले, "बाई, राग मानू नगा." मला रागच आला होता, पण त्यांचा नव्हता. त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं याचाही राग आला.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी मला भेटायला आली. प्रयोगशाळेत तिच्या जोडीला बसायला एकही मुलगा तयार नव्हता, म्हणून तिला कोपऱ्यात वेगळं टेबल दिलं होतं. मी भडकले. ती हसायला लागली. "बाई, लय झ्याक झालं. बाकीच्यांत चौघांत एक तराजू, मला एकटीला आक्खा."

लढाई संपल्यावर तिचे वडील परत आले. गावातल्या लोकांनी त्यांना मुलीचं लग्न करून टाका म्हणून पिडलं. ते साताऱ्याला मला भेटायला आले तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. पण ते म्हणाले, "तिकडं बाया लारी चालीवत्यात, बाई. म्या डोळ्यांनी बगितलंय. शिकू द्या तिला." ती बी.एस्सी. झाली आणि सांगलीतच गणित शिकवू लागली. लग्न तिने नंतर केलं, स्वतःच्या मर्जीने.

आता कोणी भेटलं की म्हणतं, तेव्हा काळच तसा होता. मला हे पटत नाही. काळ काही खुर्चीत बसून पोळीचे विनोद करत नव्हता. माणसं करत होती, त्यांना नावं होती, घरं होती, आणि 'हो' म्हणायला त्यांचं काही जात नव्हतं. मामांना ते दोन मिनिटांत समजलं. शिकलेल्यांना का समजू नये?

ओसरीवरचा सकाळचा वर्ग मी पुढे कितीतरी वर्षं चालवला. शाळेत भूमिती सुरू झाली ती स्वातंत्र्य मिळून गेल्यावर, वरून हुकूम आला तेव्हा. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं, "बाई, आता वरच्या वर्गांचं गणितही तुमच्याकडे." मी विचारलं, "आजपासून?" त्या म्हणाल्या, "उद्यापासून." मी म्हटलं, "आजचा तास रिकामा आहे," आणि वर्गावर गेले.