पाठ टेकली नाही, तरी हरला

परवा रविवारी आमच्या पेठेतल्या तालमीत बॉक्सिंग झालं. होय, बॉक्सिंग! सोलापुरात कुस्ती सोडून लोक दुसरं काही बघायला जमतील असं मलाही वाटलं नव्हतं... पण गड्ड्याची यात्रा नुकतीच संपलेली, अंगातली कुस्त्यांची नशा उतरली नव्हती, आणि एक फौजी लग्नासाठी रजेवर आलेला. मिलिटरीत बॉक्सिंग खेळतो म्हणे. वस्तादांनी विचारलं, ह्याच्याशी कोण खेळणार?

मी हात वर केला. कॉलेजात होतो तोवर जिमखान्यात ग्लोव्ह्ज घातले होते. पुढे सरांशी भांडून कॉलेज सोडलं, आता मागावर टॉवेल विणतो, पण पंच मारायचं विसरलो नव्हतो.

खरं कारण ते नव्हतंच. फौजीचं नाव मल्लिनाथ, मंगळवेढ्याकडचा. आणि त्याचं लग्न ठरलेलं तिच्याशी... तिचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. दोन वर्षं तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलो, एक शब्द बोलता आला नाही, आणि हा गडी रजेवर येऊन तिला घेऊन जाणार! मला त्याच्याशी खेळायचं नव्हतं. मला त्याला तिच्या वडिलांसमोर आडवा करायचा होता.

तिचे वडील म्हणजे आण्णा. ज्वारीचे व्यापारी, तरुणपणी नावाजलेले पैलवान. कपाळावर विभूती, दोन्ही कान मोडलेले. जावयाचा खेळ बघायला पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते.

लाल मातीवर चार खांब रोवून दोर बांधलेले. घंटा नव्हती, म्हणून वस्ताद पितळी थाळी वाजवणार. तीन राउंड ठरले. पहिल्याला मी जो सुटलो... डावं-उजवं काही बघितलं नाही. मल्लिनाथ नुसते हात तोंडापुढे धरून सरकत होता. दुसऱ्या राउंडला त्याची भुवई फुटली. रक्त बघून मी आणखीच पिसाळलो. थाळी वाजली तरी हात थांबेनात.

माझा दोस्त रज्जाक, जोडीला माग चालवणारा, दोराखालून आत शिरला आणि मला ओढून स्टुलावर बसवलं. "अबे, मारने का नै, खेलने का! साँस ले पैले... साँस!"

श्वास होताच कुठे? मागाखालची फरशी थरथरते तसे माझे पाय थरथरत होते. हात उचलवत नव्हते. समोर बघितलं तर मल्लिनाथ स्टुलावर शांत बसलेला... जसा काही मंडईतून फेरफटका मारून आलाय. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्यानं अजून मारायला सुरुवातच केलेली नाही. तिसरा राउंड त्याचा होता.

थाळी वाजली. मी दोर धरून उठलो. तो उठला नाही.

ग्लोव्ह्ज पुढे करून तो त्याच्या माणसाला म्हणाला, "सोड गाठी." वस्ताद धावले, "का बे फौजी, चक्कर आली का?"

"न्हाय वस्ताद. मला आता राग यायला लागलाय. हितनं पुढं खेळ व्हायचा न्हाय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तुमी तर पयल्यापास्नं खेळतच न्हाईत की."

बॉक्सिंगचा नियम असा की दोन राउंडच्या मध्ये बसलेला गडी उठला नाही तर तो हरला. पण हे कुस्तीचं गाव! पाठ मातीला लागली नाही तोवर इथे कुणी हरत नसतं. वस्तादांनी माझा हात वर धरला आणि हुर्यो सुरू झाली. "पाठ कुटं टेकली बे?" "उठ की रं!" "फौजी भ्याला!"

आण्णा उठून उभे राहिले. हुर्यो थांबली. "पाठ न टेकता हरलेला गडी मी जल्मात बघितला न्हाय," आण्णा म्हणाले. "वाईच रगात निघालं तर खाली बसतोय. असल्याच्या पदरात पोरगी टाकू व्हय?"

मल्लिनाथनं ऐकलं. मान खाली घातली. ग्लोव्ह्ज सोडायला हात तसेच पुढे धरून ठेवले.

आता मला काहीच करायची गरज नव्हती. आण्णांचा शब्द पेठेत कुणी फिरवत नाही. मी फक्त गप्प राहायचं... लग्न मोडलं असतं. एवढ्यासाठीच तर मी ग्लोव्ह्ज घातले होते.

आणि तोंडातून निघून गेलं, "आण्णा, ते उठले असते तर मी पडलो असतो."

"तुला कसं ठावं?"

"माझे पाय बघा की."

आण्णांनी बघितले. पैलवानाची नजर ती... गड्याच्या पायांकडे बघून किती दम उरलाय ते कळतं त्यांना. मग दोराखालून वाकून आत आले, मल्लिनाथची हनुवटी वर केली आणि उपरण्यानं भुवईवरचं रक्त टिपलं. "चला जावईबापू," म्हणाले, "जेवण थांबलंय घरी."

दोघं गेले. मला नारळ मिळाला, फेटा मिळाला. रज्जाक म्हणाला, "क्या किया बे तू?" मी नारळ त्याच्या हातात ठेवला.

लग्न येत्या शुक्रवारी आहे. मी जाणार नाही, तेवढं काळीज माझं नाही... पण त्या दिवशी अख्ख्या पेठेची हुर्यो अंगावर घेऊन एक माणूस बसून राहिला, म्हणून मी आज दोन्ही डोळे शाबूत ठेवून हे लिहितोय.

मल्लिनाथराव, सुखात राहा... दोघंही.