बर्फाच्या वर्षी महापौर कोण हरला?

स्टुटगार्टच्या पोलीस ठाण्यात विचारलेला एक प्रश्न मला अजून शब्दशः पाठ आहे. 

तेव्हा मी पुण्यात गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. एके सकाळी एक बाई फोटो घेऊन आल्या. त्यांची भाची ब्राउनश्वाइगला शहर वाहतुकीवर पीएचडी करत होती. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा स्टुटगार्टला इंजिनिअर, जन्म शिकागोचा, पासपोर्ट अमेरिकन. साखरपुडा दोन आठवड्यांवर होता. तिनं मावशीला त्याचा फोटो पाठवला, आणि मावशी थेट आमच्याकडे आल्या.

"साहेब, हा आमच्या गल्लीतला जावई. बायकोचा गळा आवळून पळालेला."

फाइल काढली. गुन्हा दहा वर्षांपूर्वीचा, आरोपी फरार. अटक कधी झालीच नव्हती, त्यामुळे बोटांचे ठसे नव्हते. होता तो लग्नातला एक फोटो. दिल्लीमार्फत जर्मनीला कळवलं आणि ओळख पटवायला मला पाठवण्यात आलं.

मी पोहोचलो त्याच सकाळी त्याला ताब्यात घेतलं होतं. तपास एका कोमिसार, म्हणजे तिथल्या पोलीस तपास अधिकारी, बाईंकडे होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "उद्या रात्रीपर्यंत ठेवता येईल. पुढं न्यायाधीश कारण मागतील. फोटो अर्धवट जुळतो आणि अमेरिकेचं उत्तर यायला आठवडा लागेल." प्रश्न त्याच विचारणार होत्या. मी शेजारी बसून चिठ्ठ्या द्यायच्या.

तो तयारीचा होता. शाळा, रस्ते, सरोवर, सगळं घडाघड सांगितलं. वडील रिपब्लिकन पक्षाचे कार्यकर्ते होते, म्हणाला. दुपारी मी बाहेर येऊन ब्राउनश्वाइगच्या त्या भाचीला फोन लावला आणि तो काय म्हणाला ते सांगितलं.

"कार्यकर्ते असतीलही, सर," ती म्हणाली, "पण तिथं १९३१ पासून महापौर डेमोक्रॅटिक पक्षाचाच. खरी लढाई पक्षाच्या आत, उमेदवारीसाठी. आणि हे ऐका! १९७९ला एवढा बर्फ पडला की शहर ठप्प झालं. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या स्टेशनांवर गाड्या थांबेनात. लोक इतके भडकले की महापौर आपल्याच पक्षातली निवडणूक हरला आणि पहिल्यांदा एक बाई महापौर झाली. माझ्या प्रबंधात आख्खं प्रकरण आहे. पासपोर्टाप्रमाणे तो तेव्हा दहा वर्षांचा होता ना? विचारा त्याला!"

मी जवळजवळ धावतच आत गेलो. चिठ्ठी वाचून कोमिसार बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही दहा वर्षांचे असताना प्रचंड बर्फ पडला. त्या वर्षी महापौर कोण हरला?"

तो हसला. "हरला? कुणीच नाही. आमच्याच पक्षाचा महापौर होता. दोन दिवसांत त्यानं रस्ते मोकळे केले. बाबांबरोबर मी विजयाच्या मिरवणुकीत नाचलोय."

 बाई शेजारच्या खोलीत जाऊन संगणकावर पडताळून आल्या. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, मला एवढंच म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या, "मग त्या महापौर बाई कधी निवडून आल्या?"

"कोण बाई?"

हे दोन शब्द बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. आपण चुकलो हे त्याला कळलं, फक्त कुठं ते कळेना. तेवढ्या विसंगतीवर बाईंनी न्यायाधीशांकडून झडतीचा हुकूम मिळवला. तळघरातल्या खोक्यात त्याचा जुना भारतीय पासपोर्ट सापडला. पत्नीच्या रकान्यात मयत मुलीचं नाव होतं. तो समोर ठेवला तेव्हा त्यानं पाणी मागितलं आणि पुढचा जबाब मराठीत दिला.

त्याला भारतात आणायला दीड वर्ष गेलं. नंतर जन्मठेप झाली.

मी यातून एक शिकलो. खोटा माणूस गावाचा नकाशा पाठ करतो, पण गावाची भांडणं पाठ करायची त्याला सुचत नाही. जिथं आपण वाढतो तिथं कोण निवडून आलं, कोण पडलं, आणि त्यावरून घरात कोण कुणाशी बोलेनासं झालं, हे अंगात मुरतं. नंतर नव्या अधिकाऱ्यांना मी हेच सांगत आलो.

ओळख पटल्याचं कळवायला मी स्टुटगार्टहूनच मयत मुलीच्या आईला फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, ती दुसरी मुलगी सुखरूप आहे ना?"