दीपमालाच्या हाताची सवय

दीपमाला भित्री व्हती, हे आधीच सांगून टाकते. पालीला, झुरळाला भिणारी नव्हं, माणसांना भ्यायची. वर्गात नाव पुकारलं तरी दचकायची. सिस्टर करुणा व्हरांड्यातून येताना दिसल्या की ही खांबाआड. मी म्हणायची, "अगं बये, त्या काय तुला खातेत व्हय?" तर नुसती मान हलवायची. खातेत असंच तिला वाटत असावं.

मी मनकर्णाबाई. गारखेड्यात सिस्टरांची शाळा हाय, तिथं झाडलोट, पाणी, घंटा सगळं माझ्याकडं. पोरं मावशी म्हणतेत आन मी त्यांच्यावर खेकसते. खेकसल्याबिगर पोरं चपला काढतेत का चित्रकलेच्या खोलीत? फरशीवर रंग सांडायचा, वर त्याच्यात पाय भरवून गावभर हिंडायचं. दीपमाला तेवढी एकटी अशी, की जाताना आपली जागा पुसून जायची.

तिचा बाप बद्रीनाथ मूर्तिकार. मूळचा लासूर स्टेशनचा, इथं पत्र्याच्या शेडात गणपती करतो आन महालक्ष्म्यांचे मुखवटे. पोरगी चौथीत असताना आई गेली. तवापासून घरात बाप आन ती, दोघंच. बाप साचा काढायचा आन चेहरे ही रंगवायची. त्यांच्या घरचा एक रिवाज व्हता. मुखवट्याचे डोळे रंगवून उघडले की लगोलग कुंकू, मधी थांबायचं नाय. डोळे उघडलेली बाई बिनकुंकवाची घटकाभरबी ठेवायची नाय. आन एकदा लावलेलं कुंकू कवाच पुसायचं नाय. चुकलं तर अख्खा मुखवटा पाण्यात सोडायचा. पुसलं तर घरातलं माणूस जातं म्हणे.

काकासाहेब सर चित्रकला शिकवायचे. त्यांनी ह्या पोरीचा हात बघितला आन सिस्टरांच्या मागं लागून तिची फी माफ करून घेतली. नाहीतर बद्रीनाथ कुठला तिला कॉन्व्हेंटात घालतोय! तो तर उघड म्हणायचा, "शाळेनं काढलं तर दुसरी शाळा नाय. शेडात बसंल, आन अठराची झाली की उजवून टाकीन." पोरीला तर चित्रकलेच्या कॉलेजात जायचं व्हतं. नववीत ती इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणार व्हती. वस्तुचित्राचा सराव करताना जीभ दाताखाली धरून बसायची आन तेवढ्या वेळापुरती कुणालाच भ्यायची नाय.

त्या साली महालक्ष्म्या आन मतमाउलीचा सण मागंपुढंच आले. आमच्या शाळेत सप्टेंबरात मरियामातेचा वाढदिवस करतेत. फादर येतेत, मूर्तीची मिरवणूक निघती. तर पायरीजवळच्या त्या मूर्तीचा रंग पार उडालेला. काकासाहेब सर लगेच बोलून बसले, "बाहेरचा पेंटर कशाला? आपल्याकडं मूर्तिकाराची पोरगी आहे की." सिस्टरांना काय ते रुचलं नाय. तरी हो म्हणाल्या, पण माझ्यादेखत पोरीला सुनावलं, "हे घरचं काम नव्हे, दीपमाला. लोकांच्या श्रद्धेची मूर्ती आहे. काही वेडंवाकडं झालं तर तुझी सवलत मी पुढं चालू ठेवू शकणार नाही." पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्या मनात आलं, अहो, भ्यालेल्याला आणखी कशाला भिववता?

रात्री बापाच्या शेडात मुखवटे आन दिवसा शाळेत चित्रकलेच्या खोलीत आणून ठेवलेली मूर्ती, असं तिचं चाललं. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी बादली घेऊन खोलीत गेले. शाळा सुटली व्हती. दीपमाला ब्रश हातात धरून भिंतीला चिकटून उभी. मी म्हणलं, काय सांडलंस? आन मूर्तीकडं बघितलं.

अगं बया! निळा पदर झकास, गालावर जीव आलेला, डोळे असे की आपल्याकडंच बघतेत. आन कपाळावर मधोमध लालभडक कुंकू.

"मावशी, मला कळलंच नाय," ती म्हणाली. "डोळे केले आन हात आपोआप गेला."

दिवस कसे हायेत तुम्हाला ठाव हाय. कुणी पोरट्यानं मोबाईलवर फोटो काढला की झालं. कुंकू लावलं म्हणून एक चिडणार, पुसलं म्हणून दुसरा चिडणार, आन मधी ही आईवेगळी पोर. मी आधी दाराला कडी घातली.

"रंग ओला हाय तवर पूस की मग! बघत काय बसलीस?"

"मला नाय पुसता येत."

"का?"

"माझे पप्पा..." एवढंच म्हणाली आन रडायला लागली. बद्रीनाथाला रंगाच्या फवाऱ्यानं दम्याची घरघर लागलेली. पोरगी रोज रात्री उठून त्याचा श्वास चालू हाय का बघायची, हे तिनंच मला सांगितलेलं. शाळा जाईल हे तिला दिसत व्हतं. तरी हात उचलत नव्हता.

मला लई राग आला. म्हणलं, आण इकडं, मी पुसते. माझं कपाळ तर कधीचं पांढरं झालंय, माझं काय जायचंय आता? फडकं टर्पेंटाईनमधी बुडवलं. मूर्तीसमोर उभी राह्यले. आन तुम्हाला खरं सांगते, हात वर जाईना. माझा नवरा गेला तवा दगडाबाई नावाच्या चुलतसासूनं असंच ओलं फडकं घेऊन माझं कपाळ रगडलं व्हतं. तो वास, तो गारठा, सगळं अंगावर आलं. वैजापूरला दिलेली माझी सायली आठवली, तिचा नवरा ट्रक चालवतो. मी म्हणलं, नको रे बाबा.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "कोण आहे आत? कडी का घातली?"

सिस्टर करुणा. दीपमालानं माझा दंड एवढा घट्ट धरला की नखं रुतली. उघडल्याबिगर गत्यंतर नव्हतं. सिस्टर आत आल्या, मूर्तीपुढं थांबल्या. मीच भडाभडा सगळं सांगितलं. पोरीच्या हाताची सवय, घरचा रिवाज, बापाची छाती. "सिस्टर, काढायचं तर मला काढा कामावरनं," असंबी म्हणलं.

सिस्टरांनी पोरीकडं बघितलं. पोरीनं अजून माझा दंड सोडला नव्हता.

"रंग वाळतोय," सिस्टर म्हणाल्या. "द्या ते फडकं. आमच्यात असलं काही मानत नाहीत."

माझ्या हातातून फडकं घेतलं आन दोन फटक्यांत पुसून टाकलं. मागं फिकी गुलाबी खूण राह्यली. "यावर अंगाचा रंग लाव," पोरीला म्हणाल्या. "आणि रडू नकोस, हात हलेल. परीक्षेच्या तयारीला सोमवारपासून ये." झालं एवढंच! दीपमाला सिस्टरांकडं अशी बघत राह्यली, जणू त्यांनाच आता काहीतरी व्हणार हाय. मग खाली बसून ब्रश धुवायला लागली. हुंदके देत व्हती, पण हात चालू केला.

मला वाटलं, चला, सुटलो. ह्या सिस्टरांचं बरं हाय, ना नवरा ना लेकरू, ना असल्या गोष्टींची भीती. बादली उचलून मी व्हरांड्यात आले. ऑफिसचं दार किलकिलं व्हतं. आतून सिस्टरांचा आवाज आला. शाळेत त्यांच्या तोंडून कवाच ऐकली नव्हती अशी गावाकडची बोली, आन आवाज पार पातळ झालेला.

"आये, मी बोलतेय. काय नाय गं, सहज केला. अण्णा कुठंयत?... झोपलेत? कवापासून?... मग उठव त्यांना. नाय, काम काय नाय. तू आधी उठव म्हणते ना! फोन दे त्यांच्याकडं, मला त्यांचा आवाज ऐकू दे."