कलम बेचाळीसचा बोर्ड

आमचे बाबा बोर्ड रंगवायचे. दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे. नगरपालिकेचं काम तर वीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. 'गवतावर चालू नये'पासून 'पुढे अरुंद पूल आहे'पर्यंत गावाला जेवढी म्हणून ताकीद दिली गेली, ती सगळी त्यांच्या हातची. मग छापील फ्लेक्स आले आणि वर्षभरात धंदा बसला. ब्रश फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेले आणि बाबा खिडकीत बसले.

आमचं घर गावाच्या शेवटच्या गल्लीत. समोर ओढा, ओढ्याकाठी झाडांखाली सपाट जागा, आणि तिथूनच डोंगरातली पायवाट सुरू होते. ती चालायला लांबलांबून माणसं येतात. पायथ्याचा मोठा वाहनतळ संध्याकाळी साखळी लावून बंद करतात. त्यामुळे ज्यांच्याकडे मोटारहोम असायची, म्हणजे आत पलंग, शेगडी, संडास असं सगळं बिऱ्हाडच असलेली गाडी, ते रात्रीपुरती शांत जागा शोधत आमच्या ओढ्याशी येऊन थांबायचे. गल्लीत आम्ही त्यांना घरगाड्या म्हणायचो.

खरं सांगायचं तर बहुतेक माणसं भली होती. रात्री येत, सकाळी कचरा पिशवीत भरून निघून जात. पण एकदा एकाने जनरेटर चालू ठेवला आणि एकदा कुणीतरी सांडपाण्याची टाकी ओढ्यात रिकामी केली. बाबांनी नगरपालिकेत दोन अर्ज दिले. उत्तर आलं नाही.

"अर्ज कुणी वाचत नाही," बाबा म्हणाले, "बोर्ड वाचतात."

मागच्या पडवीत त्यांनी जुना पत्रा घासून काढला. पांढरी जमीन, लाल किनार, काळी अक्षरं. वर नगरपालिकेचं चिन्ह, तेही न बघता. मी शाळेत शिकवते, म्हणून मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं. 'रात्रीच्या वेळी येथे वाहन उभे करून मुक्काम करण्यास सक्त मनाई आहे. कलम ४२ अन्वये दंड होईल.' मी एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि विचारलं, "हे कलम बेचाळीस कुठलं?"

"माझ्या शर्टाचा नंबर."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. आई हसली नाही. "हे बरं नव्हे," एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी खांब पुरला. गल्लीत कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "जाग आली म्हणायची नगरपालिकेला." बाबांनी मान डोलावली.

इथवर त्यांना माफ करता आलं असतं. पण पुढे त्यांना त्याची गोडी लागली. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते खिडकीत उभे राहायचे. घरगाडी यायची, बोर्डापाशी हळू व्हायची, आतली माणसं वाचायची, एकमेकांकडे बघायची आणि गाडी वळवून निघून जायची. "वाचलं," बाबा म्हणायचे, "गेला." हातातलं काम गेलेल्या माणसाचं अक्षर अजून कुणीतरी मानतंय, याचं ते सुख होतं. मला ते कळत होतं आणि मी त्यांना अडवलं नाही. गल्ली शांत झाली होती. शांतता मलाही हवीच होती.

अशी दोन वर्षं गेली.

एका संध्याकाळी सातच्या सुमाराला एक जुनी, क्रीम रंगाची घरगाडी आली. इतर गाड्यांसारखी ती लगेच वळली नाही. दिव्यांचा झोत बोर्डावर ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग एक वयस्कर माणूस खाली उतरला. टोपी कानापर्यंत ओढलेली, पाठ आमच्याकडे. तो बोर्डाजवळ गेला आणि अक्षरांवरून हात फिरवू लागला.

"खरवडून बघतोय की काय," बाबा पडद्याआडून पुटपुटले. "जा बाबा, जा."

त्या माणसाने एकदा आमच्या घराकडे पाहिलं. आम्ही दोघंही मागे सरकलो. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या काकांचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालूच असतो. इकडचं तिकडचं झाल्यावर काका म्हणाले, "काल तुझ्या दारापर्यंत आलो होतो."

"म्हणजे? मग आत का नाही आलास, दादा?"

"गाडी घेतलीय. जुनीच, पण आत सगळं आहे. हिला आता तासातासाला उठावं लागतं. तुझ्या दोन खोल्या, तुम्हाला कशाला त्रास? म्हटलं, समोर झाडाखाली झोपू आणि सकाळी चहाला येऊ. पण बोर्ड होता."

बाबांनी फोन उचलून कानाशी नेला.

"कलम बेचाळीसमधला चारचा आकडा आपल्या बाबांच्या वळणाचा आहे," काका म्हणाले. आजोबांनी दोघांना एकाच पाटीवर अक्षर शिकवलं होतं. पुढे काका कचेरीत चिकटले आणि बाबांनी ब्रश धरला. "त्यांच्यासारखी शेपटी तुझ्याशिवाय कुणी काढत नाही. म्हटलं, बोर्ड ह्याचाच आहे. म्हणजे ह्याला कुणी यायला नको असेल."

"तसं नाही रे, दादा."

"नाही, ठीक आहे. हायवेवर ट्रकच्या तळावर थांबलो. हिचा डोळा लागला नाही, म्हणून पहाटे परत निघालो. पोचलो सुखरूप, तेवढं सांगायला फोन केला."

फोन बंद झाला तरी बाबांनी तो कानाशी धरूनच ठेवला. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मजकूर मीच तपासला होता.

त्याच दिवशी बाबा नगरपालिकेत गेले. मी सोबत होते. कारकुनासमोर त्यांनी सगळं सांगितलं. कारकुनाने रजिस्टर काढलं. "तो बोर्ड आमचाच आहे, काका. गेल्या वर्षी सगळ्या बोर्डांना क्रमांक दिले. हा एकशे अठरा."

"अहो, पण लावला मी. मला तो काढायचाय."

"सरकारी बोर्ड काढणं गुन्हा आहे."

"आणि लावणं?"

कारकुनाने रजिस्टर मिटलं, इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. घरी जा. या वयात नको ती भानगड."

शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं बाबा वाटेत म्हणाले. चोराला हाताला धरून त्याच्या घरी पोचवल्यासारखं वाटतंय, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, गल्ली जागी असताना, त्यांनी खांब उपटला. मग अकरा घरांत एकेक करून गेले आणि सांगितलं, "बोर्ड खोटा होता. मी लावला होता." नर्सबाई चिडल्या. म्हणाल्या, झोपमोड झाली तर तुमच्या ओट्यावर येऊन बसेन. कोपऱ्यावरचा न्हावी मात्र हसला. "आम्हाला ठाऊक होतं, पेंटर. पहिल्या दिवशी रंग ओला होता, माझ्या मुलीचा स्वेटर खराब झाला." बाबांना ते जास्त लागलं. दोन वर्षं आपण सगळ्यांना फसवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि सगळे त्यांना सांभाळून घेत होते.

रविवारी आम्ही बसने काकांकडे गेलो. घरगाडी अंगणात उभी होती. काकूने आम्हाला घरात नेलंच नाही, आधी गाडीत नेलं. हे कपाट, ही घडीची खुर्ची, हे पडदे मी शिवले. दोन पावलांवर संडास. "पहिलाच मुक्काम तुमच्याकडे करायचा होता," ती म्हणाली. "डोंगर लांबून का होईना, बघायचा होता. पण नगरपालिकेने बंदी केलीय म्हणे."

बाबांनी काकांकडे पाहिलं. काका शेगडीकडे बघत होते. त्यांनी काकूला सांगितलंच नव्हतं.

बाबांना गप्प बसता आलं असतं. चहा घेऊन, हसून आम्ही परत येऊ शकलो असतो, आणि मला मनातून तेच हवं होतं. पण बाबा म्हणाले, "वहिनी, तो बोर्ड नगरपालिकेचा नव्हता. मी रंगवला होता."

काकूने पडदा सोडला. "आम्ही आलो तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरातच. खिडकीत."

"बघत होतात?"

"हो."

"मला वाटलंच, पडदा हलला," काकू म्हणाली. काकांनी चहा ओतला आणि पहिला कप बाबांच्या हातात दिला. कप कलला, तेव्हा काकूनेच खाली बशी धरली.

निघताना मी तिला म्हटलं, "आता या, काकू. जागा मोकळी आहे." ती म्हणाली, "बघू." त्याला आठ महिने झाले. काकांचा फोन येतो, त्या गाडीचा विषय निघत नाही.

घरगाड्या मात्र पुन्हा यायला लागल्या. बाबा संध्याकाळी खाली उतरतात. पाणी कुठे भरायचं, टाकी कुठे रिकामी करायची, ओढ्याच्या बाजूला चाक का घालायचं नाही, हे समजावतात. परवा एका बाईने विचारलं, "नक्की चालेल ना इथे? इथे बंदी आहे असं ऐकलं होतं."

"बोर्ड होता," बाबा म्हणाले. "खोटा होता. मीच लावला होता."

ती बाई गोंधळली, नवऱ्याकडे बघू लागली. दर वेळी असंच होतं. मी म्हणते, बाबा, परक्या माणसांना कशाला सांगता, पुरे आता. ते ऐकत नाहीत. त्या दोघांना ते सगळं पहिल्यापासून सांगू लागले, तेव्हा मी आत निघून आले.