सुटलं तर गप्प बसा!

एका गणितावर माणसं किती बोलू शकतात? आम्ही चौघं भेटलो की बघा! लग्न असो, बारसं असो, पानात पहिला पदार्थ पडायच्या आत कुणीतरी "ए, तो थिटा आठवतो का?" म्हणतंच. किस्से वाढत जातात, आणि आमच्या नवऱ्या-बायकांचे चेहरे उतरत जातात.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता, त्या सुमाराची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या चाळीत गणपती मंडळाची एक खोली होती. तिथे आम्ही दहावीचा अभ्यास करायचो. मी शिंदे, मंदा सावंत, सतीश सुर्वे आणि समोरच्या बिल्डिंगमधला गोगटे. फळा म्हणजे मंडळाचा कॅरम बोर्ड, पालथा केलेला!

मंदा आमच्यातली हुशार. नुसती हुशार नाही, भारी! नियम तिचाच. गणित सुटलं की पेनला टोपण लावायचं, वही पालथी घालायची आणि गप्प बसायचं. सगळ्यांचं सुटल्याशिवाय पुढचं गणित नाही, चहा तर नाहीच.

गोगट्याच्या पोटात काही राहायचं नाही. एकदा त्याचं सगळ्यांच्या आधी सुटलं. थोडा वेळ चुळबुळला, तोंडात रुमाल कोंबला, शेवटी धावत खाली गेला आणि इस्त्रीवाल्याला अख्खं गणित समजावून आला!

इस्त्रीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अच्छा. और शर्ट कितने हैं?"

•

खरी धाकधूक सतीशची. त्याच्या बाबांची गिरणी बंद पडलेली. मामाने विक्रोळीच्या एका कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. दहावीला गणितात गेला, तर जूनपासून हेल्पर. पास झाला, तर डिप्लोमा. आणि पूर्वपरीक्षेत पठ्ठ्या गणितातच गेला होता!

'सिद्ध करा' म्हटलं की त्याची वाट लागायची. मग तो युक्ती करायचा. वरून डाव्या बाजूच्या तीन ओळी, खालून उजव्या बाजूच्या दोन ओळी, आणि मधल्या खड्ड्यात ऐटीत लिहायचं, 'यावरून स्पष्ट आहे की'.

मंदाने वही बघितली. "कुणाला स्पष्ट आहे रे? मला तर नाही."

•

मग आलं ते गणित. साइन वजा कॉस अधिक एक, भागिले साइन अधिक कॉस वजा एक. हे सेक अधिक टॅन होतं, असं सिद्ध करा. आमच्या तिघांच्या वह्या कधीच्या पालथ्या. सतीश एकटा बोर्डापुढे, त्या एकावर अडकलेला.

तेवढ्यात मंडळाचा कॅरम चॅम्पियन तात्या स्ट्रायकर घेऊन आला. "चला, उचला तुमचं दुकान!"

मंदा म्हणाली, "तात्या, याचं व्हायचंय."

तात्या पुटपुटत बसला. एका कोड्यापायी त्याचा संध्याकाळचा डाव बोंबलला. पण दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडला, "काय रे सुर्वे, सुटला का तुझा तो एक?"

•

नव्हता सुटला. मंदाची आई चहाचं पातेलं घेऊन दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तिला राहवेना. "गो बाय, सांग मां तेका! किती वेळ बसतलो तो?"

मंदा म्हणाली, "आई, मी सांगितलं तर ते माझंच राहील. त्याचं कधी होणार?"

पंधरा वर्षांची मुलगी! मी पुढे बरेच शिक्षक बघितले, पण असं बोलणारा मला तरी नाही भेटला.

आणि सतीशला दिसलं. वर-खाली कॉसने भागायचं आणि वरच्या एकाच्या जागी सेक वर्ग वजा टॅन वर्ग लिहायचं! खडू टाकून तो ओरडला, "आयला, हा एक वेषांतर करून बसलाय यार!"

•

एकदा वर्गात आमचे सरच फळ्यावर अडकले. आम्हाला सवयच ती. चौघांनी पेनं बंद केली, वह्या पालथ्या घातल्या आणि हाताची घडी घालून सरांकडे बघत बसलो.

सरांना घाम फुटला. "काय चाललंय हे?"

मंदा समजुतीने म्हणाली, "असू दे सर, होईल तुमचं."

झालं की! आणि सर इतके खूश, की त्यांनी आमच्याकडे बघून स्वतःच खडू खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

•

मग गणिताचा पेपर. आडनावांमुळे शिंदे, सावंत, सुर्वे एकाच वर्गात, शेजारशेजारच्या बाकांवर. त्यातही एक 'सिद्ध करा' होतं, नवंच आणि महावाकडं. माझं कसंबसं सुटलं. सतीशचं पेन थांबलेलं. मान चोळत बसला होता. विक्रोळीचा कारखाना त्याच्या तोंडावर दिसत होता.

मंदाने टोपण लावलं, पेपर पालथा घातला आणि हाताची घडी घालून बसली. तिचे अजून दोन प्रश्न बाकी होते!

सुपरवायझर बाई आल्या. "काय गं, झाला पेपर?"

"नाही बाई."

"बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"नको बाई."

"अगं, मग लिहीत का नाहीस?"

"याचं व्हायचंय."

बाईंनी सतीशकडे बघितलं. सतीशने मंदाच्या पालथ्या पेपरकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि लिहायला लागला.

माझा जीव घड्याळात. मंदा ढिम्म!

बऱ्याच वेळाने पलीकडून टोपण लागल्याचा आवाज आला. मंदाने पेपर सुलटा केला आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.