ढिला होत गेलेला ब्लाउज

माझी मैत्रीण लातूरच्या एका शाळेत शिकवते आणि सुट्टीत एकपात्री प्रयोग करते. या खेपेचा प्रयोग मुखेडला, आठवडी बाजाराच्या मैदानात, दिवसाउजेडी व्हायचा होता. एसटीची वाट बघणारी बाई, तिची सासू आणि कंडक्टर, तिघंही तीच. कपडे माझ्याकडे. नांदेडला माझं शिवणकामाचं दुकान आहे, नाटकांचे कपडेही मी करते. पण ते सगळे नाट्यगृहातले. इथं ना विंग, ना दिवे. वारा मात्र भरपूर.

गिऱ्हाइकाशी बोलतानाही डोक्यात तेच चालू असायचं. आधी हिरवी साडी घेतली. मग आठवलं, मागं लिंबाचं झाड आहे, ही त्यात दिसणारच नाही. गडद लाल आणली. पदर तोंडावर उडू नये म्हणून काठात बारीक साखळी शिवली. कंडक्टरचा खाकी शर्ट साडीवरच चढवायचा, म्हणून बटणं काढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली.

लातूरला जाऊन ब्लाउज तिच्या अंगावर घालून पाहिला, तर तो खांद्यावरून उतरत होता. माझंच माप चुकलं असं समजून आत घेतला. पुढच्या खेपेला पुन्हा ढिला.

"लई वाळलीस की गं."

"तालमीनं. रोज करून राहिले ना," ती म्हणाली. "आणि हे बघ, त्या एसटीवाल्या बाईच्या पिशवीत पाण्याची बाटली बसेल असं कर. घसा सारखा कोरडा पडतो."

मी चपापले. माझ्या आईला साखरेचा आजार निघाला, त्याआधी ती अशीच सारखी माठापाशी दिसायची.

"आधी रक्त तपासून घे."

"तू कपडे शिव. डॉक्टरकी नको करू."

परतताना बसमध्ये जीव थाऱ्यावर नव्हता. अहमदपूरपाशी तिच्या नवऱ्याला फोन लावला आणि त्यानं उचलायच्या आत कापला. त्यानं प्रयोगच बंद पाडला असता. शाळा सांभाळून तिनं तो किती खपून बसवला होता, हे मी पाहिलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी वारा सुटला, पण पदर जागेवर राहिला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. ती मधेच बाटली काढून घटाघटा प्यायची आणि लोक हसायचे. वाट बघून कंटाळलेली बाई आहे, असं त्यांना वाटत होतं. कंडक्टर झाली तेव्हा शर्टाची पट्टी तिला लावता येईना. दोनदा भलत्याच जागी चिकटली. तिनं शर्ट उघडाच सोडला आणि ओरडली, "उकडून राहिलंय, सरका मागं!" टाळ्या पडल्या.

संपल्यावर ती झाडाखाली बसली ती उठेचना. "चल, कुठं नेतीस तिथं ने," म्हणाली.

मुखेडच्याच दवाखान्यात नेलं. साखर इतकी वाढलेली होती, की डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. या वेळी मी फोन कापला नाही. तिचा नवरा धावतपळत आला. मी काय काय सांगायचं ठरवून बसले होते, त्यानं एवढंच विचारलं, "तिनं काही खाल्लं का?"

आता ती रोज इन्सुलिन घेते. चाकूरला पुढचा प्रयोग ठरलाय. इंजेक्शन घेतलं का, हे मी फोन करून विचारते, ती चिडते, मी तरी विचारते. काल तिनं फोन उचललाच नाही. दुपारभर मी एकच शिवण दोनदा उसवली. संध्याकाळी निरोप आला: पोरांची परीक्षा होती, फोन पर्समध्ये होता.